मायकेल अँजेलो आणि त्याची दोन नगरे

चित्रकलेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास, अशी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. आणि खरे सांगावयाचे तर ती घरूनच आलेली असते. गणितात मागे पडलेल्या मुलाचे पालक शाळेत येतात, वहीच्या समासात काढलेली चित्रे आमच्यापुढे ठेवतात, आणि या रेघोट्यांनी पोट कसे भरणार, असा प्रश्न करतात. हा प्रश्न अगदीच गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या पाठीमागे दुसरी एक समजूत दडलेली असते, ती मात्र आम्हांस घातक वाटते. चित्रकार, मूर्तिकार ही मंडळी जगाच्या व्यवहाराबाहेरची. गावचे रस्ते, तट, चावडी आणि कारभार यांच्याशी त्यांचा काय संबंध, अशी ती समजूत होय. तिचे निरसन वादाने होण्यापेक्षा एखाद्या चरित्राने अधिक चांगले होईल असे वाटल्यावरून, मायकेल अँजेलो या जगद्विख्यात शिल्पकाराची हकीकत या वर्षीच्या अंकात आम्ही देत आहोत. त्याच्या मूर्ती व चित्रे यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या नगराचा नागरिक या नात्याने तो कसा वागला, कोठे डगमगला, आणि नगरवासीयांसाठी मागे काय ठेवून गेला, एवढेच आपण येथे पाहू.

इटली देशात आर्नो नदीच्या काठी फ्लॉरेन्स नावाचे नगर आहे. पंधराव्या शतकात लोकर व रेशीम यांच्या व्यापाराने आणि सावकारीने ते भरभराटीस आले होते. तेथे राजा नव्हता. निरनिराळ्या धंद्यांच्या संघांतून घेतलेल्या पंचांची सभा कारभार पाही. तिला सिन्योरिया म्हणत. तथापि मेडिची नावाच्या धनाढ्य सावकार घराण्याने हळूहळू सारी सूत्रे आपल्या हाती घेतली होती. नाव लोकसत्तेचे आणि हुकूम एका घराचा, असा प्रकार तेथे चालला होता.

मायकेल अँजेलोचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी काप्रेसे या डोंगराळ मुलुखातील लहानशा गावी झाला. त्याचे वडील लोदोविको हे त्या वेळी फ्लॉरेन्सच्या वतीने त्या गावचे न्यायाधिकारी होते. त्यांची मुदत लवकरच संपली, आणि कुटुंब फ्लॉरेन्सला परतले. तान्ह्या मुलास जवळच्या सेत्तिन्यानो गावी एका पाथरवटाच्या घरी दाईकडे ठेवण्यात आले. छिन्नी-हातोड्याचा नाद त्याच्या कानी असा बालपणीच पडला. तो सहा वर्षांचा असता त्याची आई वारली. शाळेत घातल्यावर त्याचे चित्त पुस्तकात रमेना. सारा वेळ तो चित्रे काढी. आपल्या खानदानी घराण्यातील मुलाने कारागीर व्हावे ही गोष्ट वडिलांस व चुलत्यांस कमीपणाची वाटे, आणि त्यापायी त्याने घरी मारही पुष्कळ खाल्ला. अखेर १४८८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, गिर्लांदायो नावाच्या नामांकित चित्रकाराकडे त्यास उमेदवारीस ठेवण्यात आले. पुढे थोड्याच दिवसांत त्याचे कसब लोरेन्झो मेडिची याच्या नजरेस पडले. लोरेन्झोने त्यास आपल्या वाड्यात ठेवून घेतले आणि आपल्या पंक्तीस जेवावयास बसविले. मायकेल अँजेलोने मेडिचींचे मीठ खाल्ले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

लोरेन्झो १४९२ साली वारला, आणि दोनच वर्षांनी फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्याच्या मुलास हाकलून देऊन कारभार आपल्या हाती घेतला. नव्या लोकसत्तेच्या काळात, १५०१ साली, मायकेल अँजेलोस एक विलक्षण काम मिळाले. मुख्य देवालयाच्या आवारात संगमरवराची एक प्रचंड शिळा पडून होती. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारागिराने ती कोरावयास घेऊन अर्धवट टाकून दिली होती, आणि आता ती वाया गेली असेच सर्वजण धरून चालले होते. त्या टाकाऊ शिळेतून सव्वीस वर्षांच्या या तरुणाने जवळजवळ तीन वर्षे खपून सुमारे सतरा फूट उंचीची दावीदाची मूर्ती घडविली. गल्याथ नावाच्या राक्षसासारख्या योद्ध्यास गोफणीने लोळविणारा मेंढपाळ दावीद शास्त्रातून आमच्या वाचकांस परिचित आहेच. बलाढ्य शत्रूंनी वेढलेल्या लहानशा फ्लॉरेन्सला तो आपलाच प्रतिनिधी वाटला, यात नवल नाही.

ही मूर्ती देवालयावर उंच ठिकाणी बसवावयाची असे आधी ठरले होते. परंतु ती पाहिल्यावर, तिला योग्य जागा कोणती हे ठरविण्यासाठी जानेवारी १५०४ मध्ये सुमारे तीस जणांची सभा बोलाविण्यात आली. तीत लिओनार्दो दा विंची व बोत्तिचेल्ली यांसारखे श्रेष्ठ चित्रकार होते, आणि इतर कारागीरही होते. कोणी देवालयाची बाजू घेतली, कोणी छपराखालची जागा सुचविली. नगरातील एका सार्वजनिक जागेचा प्रश्न सोडविण्यासाठी कारभाऱ्यांनी कारागिरांस एकत्र बसवून त्यांची मते लिहून घेतली, ही गोष्ट आम्हांस मूर्तीइतकीच मोलाची वाटते. शेवटी सिन्योरियाच्या वाड्याच्या दारापुढील जागा नक्की झाली. चाळीसहून अधिक माणसे चार दिवस ती मूर्ती इंच इंच ओढीत नेत होती. वाटेत रात्री कोणी तिच्यावर दगडही मारले, म्हणून पहारा ठेवावा लागला. तेव्हापासून सभेस जाणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्यास दावीदाच्या नजरेखालून जावे लागू लागले.

ही लोकसत्ता फार काळ टिकली नाही. १५१२ साली मेडिची परत आले. त्यानंतर १५२७ साली बादशहा पाचवा चार्ल्स याच्या फौजेने रोम लुटले, तेव्हा ती संधी साधून फ्लॉरेन्सने त्यांस पुन्हा एकदा बाहेर काढले. त्या वर्षीच्या दंगलीत सिन्योरियाच्या वाड्यातून खाली फेकलेले एक बाक दावीदाच्या डाव्या हातावर पडले, आणि त्या हाताचे तीन तुकडे झाले. पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुलांनी जिवावर उदार होऊन ते तुकडे गोळा केले व जपून ठेवले. म्हणूनच तो हात पुढे जोडता आला. त्यांपैकी एक वासारी. यानेच पुढे मायकेल अँजेलोचे चरित्र लिहिले.

मेडिची घराण्यातलाच पुरुष सातवा क्लेमेंट या नावाने त्या वेळी पोप होता. त्याने बादशहाशी सलोखा केला, आणि फ्लॉरेन्सवर फौज येणार हे उघड झाले. १५२९ च्या जानेवारीत नगराने मायकेल अँजेलोस संरक्षणाचे काम पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळात घेतले, आणि एप्रिलमध्ये तटबंदीचा मुख्य अधिकारी नेमले. चोपन्न वर्षांच्या शिल्पकारावर आता सबंध नगराचा जीव अवलंबून राहिला. त्याने पीसा व लिव्होर्नो येथील कोट तपासले. तोफांपुढे उंच, सरळ भिंती निरुपयोगी झाल्या होत्या, म्हणून फेर्राराच्या ड्यूकची नवी तटबंदी पाहण्यासाठी त्याने मुद्दाम प्रवास केला. बुरुजांचे त्याने काढलेले नकाशे फ्लॉरेन्समध्ये अद्याप जपून ठेवलेले आहेत; खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे पुढे आलेले ते आकार कोणत्याही मुरलेल्या लष्करी इंजिनिअरास शोभतील असे आहेत. नगराच्या दक्षिणेस सान मिनिआतो नावाची टेकडी आहे. तिच्यावर शत्रूच्या तोफा चढल्या तर सारे नगर त्यांच्या माऱ्याखाली येणार, हे ओळखून त्याने तिच्याभोवती मातीचे बुरूज घातले. शत्रू देवालयाच्या मनोऱ्यावर गोळे डागू लागला, तेव्हा वरून दोरांनी लोकरीचे गठ्ठे लोंबत सोडून त्याने मनोरा वाचविला. जी लोकर विकून फ्लॉरेन्स श्रीमंत झाले, तीच त्याच्या अंगरख्याला चिलखत झाली.

शत्रूस आसरा मिळू नये म्हणून तटाबाहेरची कित्येक घरे व बागा नागरिकांनी स्वतःच पाडून टाकल्या. त्या काळची एक हकीकत वासारीने लिहून ठेवली आहे. पाडापाडी करणारे लोक सान साल्वी येथील मठात भोजनगृहापर्यंत पोहोचले, तो समोरच्या भिंतीवर आंद्रेआ देल सार्तो याने काढलेले प्रभूच्या शेवटल्या भोजनाचे चित्र त्यांच्या दृष्टीस पडले. आणि हातातील पहारी खाली ठेवून ते परत फिरले. ते चित्र आजही त्याच भिंतीवर आहे.

आता या चरित्रातील जो भाग सांगताना लेखणी अडखळते, तो आम्हांस सांगितला पाहिजे. २१ सप्टेंबर १५२९ रोजी, शत्रू जवळ येत असता, तटबंदीचा हा मुख्य अधिकारी कोणास न सांगता फ्लॉरेन्स सोडून व्हेनिसला निघून गेला. नगराचा पगारी सेनापती मालातेस्ता बाल्योनी हा दगा देणार असा त्यास संशय होता. कारभाऱ्यांस सांगितले, तर त्यांनी ते मनावर घेतले नाही. सिन्योरियाने त्यास बंडखोर ठरविले. त्या एकांतात त्याच्या मनात काय चालले असेल! एकीकडे ज्यांचे मीठ खाल्ले ते घराणे. दुसरीकडे जिने हाताने घडविलेला दावीद आपल्या दारी उभा केला ती नगरी. व्हेनिसहून पुढे फ्रान्सला जाण्याची वाटही त्यास मोकळी होती. परंतु मित्रांची पत्रे आली, सिन्योरियाने अभयपत्र दिले, आणि नोव्हेंबरमध्ये, वेढा पूर्ण पडलेला असता, तो आपण होऊन त्या वेढलेल्या नगरात परत आला. महासभेत तीन वर्षे बसावयाचे नाही ही शिक्षा त्याने मान्य केली, आणि तो पुन्हा आपल्या बुरुजांवर जाऊन उभा राहिला.

वेढा सुमारे दहा महिने चालला. आत भूक आणि रोगराई यांनी कहर केला. अखेर ऑगस्ट १५३० मध्ये मालातेस्ताने खरोखरच दगा दिला, आणि फ्लॉरेन्स शरण गेले. मायकेल अँजेलोचा संशय खरा ठरला; परंतु संशय खरा ठरला म्हणून पळून जाणे योग्य ठरत नाही, हे त्याच्या परत येण्यानेच सिद्ध झाले. आमच्या मते या चरित्रातील खरी परीक्षा पळण्याची नव्हे, परत येण्याची आहे.

विजयी मेडिचींनी लोकपक्षाच्या पुढाऱ्यांस पकडून ठार मारावयास आरंभ केला. मायकेल अँजेलो लपून बसला. १९७५ साली मेडिचींच्या समाधिमंदिराखाली एक लहानशी खोली उघडकीस आली. तिच्या भिंतींवर कोळशाने काढलेली चित्रे त्याचीच असावीत, आणि तो तेथेच लपला असावा, असे काही जाणत्यांचे मत आहे. पोपने पुढे त्यास क्षमा केली; अट एवढीच, की त्याने मेडिचींच्या समाधीचे अपुरे काम पुरे करावे. त्याने ते पुढे चालविले. परंतु नवा ड्यूक अलेसांद्रो याने नगर दाबात ठेवण्यासाठी बालेकिल्ला बांधावयाचे ठरवून त्यासाठी जागा दाखविण्यास बोलाविले, तेव्हा मात्र त्याने नकार दिला, असे त्याचा दुसरा चरित्रकार कोंदिवी सांगतो. नगराच्या रक्षणासाठी तट बांधणारा हात नगराच्या छातीवर किल्ला बांधावयास तयार झाला नाही. १५३४ साली तो रोमला गेला, आणि जिवंतपणी फ्लॉरेन्सला पुन्हा आला नाही.

रोम ही त्याची दुसरी नगरी. तेथे कॅपिटॉल नावाची टेकडी आहे. प्राचीन रोमन राज्याचे मुख्य दैवत याच टेकडीवर होते, आणि नंतरच्या काळी नगराची सभाही येथेच भरे. परंतु सोळाव्या शतकात तिची दशा अशी झाली होती, की लोक तिला शेळ्यांची टेकडी म्हणत, आणि खालच्या प्राचीन चौकास गाईंचे कुरण म्हणत. माथ्यावर खाचखळग्यांचे मैदान, आणि त्याच्या कडेस दोन जुने वाडे: एक नगराच्या न्यायाधीशाचा, दुसरा तिघा नगररक्षक अधिकाऱ्यांचा. हे दोन वाडे एकमेकांशी काटकोनातही नव्हते. १५३६ साली पाचवा चार्ल्स रोमला येणार म्हणून पोप तिसरा पॉल याने मिरवणुकीचा मार्ग मोकळा करण्यासाठी कित्येक घरे व काही देवळे पाडविली. ज्यांची घरे गेली त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. नगराची ही टेकडी मात्र पाहुण्यास दाखविण्याजोगीही नव्हती. पुढे पोपने तिचा जीर्णोद्धार मनावर घेतला. १५३७ च्या डिसेंबरमध्ये रोमने मायकेल अँजेलोस आपले नागरिकत्व अर्पण केले, आणि त्यानंतर या टेकडीचा आराखडा त्याच्याकडे आला.

दुसऱ्या एखाद्याने ते वाकडे वाडे जमीनदोस्त करून नवे बांधले असते. मायकेल अँजेलोने तसे केले नाही. एका बाजूचा वाडा तिरका आहे ना, मग समोरच्या बाजूस तितकाच तिरका तिसरा वाडा उभा करावा, असे त्याने ठरविले. म्हणजे जो दोष होता तीच शोभा झाली. जुन्या भिंतींस त्याने नवा दर्शनी भाग योजिला, आणि दोन मजले एकदम तोलून धरणारे उंच स्तंभ त्यास लाविले. न्यायाधीशाच्या वाड्यास दोन्ही बाजूंनी चढणारा दुहेरी जिना केला. मध्यभागी मार्कस ऑरेलियस बादशहाचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा १५३८ साली आणून ठेवण्यात आला होता. मध्ययुगात लोकांनी तो ख्रिस्ती बादशहा कॉन्स्टंटाइनचा समजल्यामुळेच वितळविण्यापासून वाचला होता. मायकेल अँजेलोने त्यास चौथरा करून दिला, आणि त्याच्याभोवती लंबवर्तुळाकार फरसबंदीची कल्पना मांडली.

यांपैकी त्याच्या डोळ्यांदेखत पुरे झाले फार थोडे: तो जिना, तो चौथरा, आणि आणखी काही. पैसा तुटपुंजा होता, पोप बदलत होते, काम रखडत होते. नगररक्षकांच्या वाड्याचे काम १५६३ साली सुरू झाले. त्याच्या पश्चात त्याचा मित्र, रोमचा नागरिक तोम्मासो काव्हालिएरी, याने नगराने नेमलेला देखरेख्या या नात्याने आराखड्याचा पाठपुरावा केला. तिसरा वाडा सतराव्या शतकात उभा राहिला. मधली फरसबंदी तर १९४० साली, म्हणजे आराखड्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी, घातली गेली.

येथे विचारी वाचक एक शंका काढील, आणि ती योग्यच आहे. त्या काळी रोमच्या नगरसभेच्या हाती सत्ता कितीशी होती? खरी सत्ता पोपची होती; मग सभेच्या दुबळेपणावर सुंदर पडदा टाकण्याचेच काम या कलावंताने केले, असे का म्हणू नये? ही शंका आम्ही झटकून टाकू इच्छीत नाही. सत्ताधारी कलेचा असा उपयोग करीत आले आहेत. ज्याने आपल्या नगरीचे स्वातंत्र्य डोळ्यांदेखत गमावले होते, त्या म्हाताऱ्यास हे कळत नसेल असे आम्हांस वाटत नाही. तथापि काळाचा निवाडा पाहावा. ते पोप गेले, ते बादशहा गेले. रोमच्या महापौरांची कचेरी आजही त्याच न्यायाधीशाच्या वाड्यात आहे. उरलेल्या दोन वाड्यांत १७३४ साली प्रथम सर्व लोकांस खुले झालेले संग्रहालय आज आहे. ज्याने चौक बांधला त्याने तो कोणासाठी बांधला, हे पुष्कळदा त्या चौकात पुढे उभे राहणारे लोक ठरवितात.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १५४७ साली, सेंट पीटरच्या देवालयाचे काम त्याच्या गळ्यात पडले. त्यासाठी त्याने वेतन घेतले नाही. मक्तेदार आणि देखरेख करणारे यांच्यात तेथे जी मिलीभगत चालली होती ती त्याने मोडून काढली, आणि वाईट चुना घेतल्याबद्दल त्याने देखरेख करणाऱ्यांस स्वच्छ शब्दांत कळविले. घुमटाची रेषा काढणारा हातच चुन्याची परीक्षाही करीत होता. सार्वजनिक कामाची शोभा आणि सचोटी या दोन गोष्टी त्याने कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी १५६४ रोजी, एकोणनव्वदावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस उरले असता, रोममध्ये त्याचे देहावसान झाले. आपली माती फ्लॉरेन्समध्ये पडावी अशी त्याची इच्छा होती. रोमचे लोक देह सोडतील ना, अशी भीती असल्यामुळे त्याच्या पुतण्याने तो व्यापारी मालाच्या गठ्ठ्यासारखा बांधून गुपचूप बाहेर काढला. ज्या नगराचा मनोरा त्याने लोकरीच्या गठ्ठ्यांनी वाचविला होता, त्या नगरात तीस वर्षांनंतर तो असा परतला. आज सांता क्रोचे देवालयात त्याची समाधी आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे चित्रकार होतील, आणि मायकेल अँजेलो तर कदाचित कोणीच होणार नाही. परंतु गावाच्या चौकात जेव्हा नवी इमारत उठते, जुना वाडा पाडावा की राखावा असा प्रश्न निघतो, रस्त्यासाठी कोणाचे घर जाते, तेव्हा बोलण्याचा अधिकार केवळ मक्तेदाराचा व कारभाऱ्याचा नाही. ज्यास नजर आहे त्याने ती गावासाठी वापरावी, हे त्याचे कर्तव्य होय. आणि भीतीने एकदा पाय मागे घेतला गेला, तरी परत येण्याची वाट बंद झालेली नसते. पालकांसही आमची नम्र विनंती आहे, की मुलाच्या वहीच्या समासात यापुढे चित्र दिसल्यास त्यास शिक्षा करण्यापूर्वी ते एकवार नीट पाहावे. उदाहरण चुकले असेल तर ते अवश्य दुरुस्त करून घ्यावे. पण पान फाडू नये.